पिकअप की अ‍ॅव्हरेज? महाराष्ट्रातल्या वेगवान गाड्यांची नव्वद वर्षे

मराठी घरात नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो, "पिकअप कसाय?" दोन्ही शब्द इंग्रजीतून आले आणि इथे येऊन आपले झाले. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हे 'अ‍ॅव्हरेज'. पाय दाबताच गाडी किती झटक्यात उचलते, हा 'पिकअप'. पहिल्या प्रश्नात संसार आहे, दुसऱ्यात हौस. आपल्याकडच्या मोटारींचा लिहिलेला इतिहास बहुतेक पहिल्या प्रश्नाचाच आहे : कारखाने, परवाने, प्रतीक्षायाद्या, टॅक्स्या. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास गॅरेजवाल्यांच्या तोंडी, जुन्या माहितीपत्रकांत आणि भंगारवाल्यांच्या ढिगाऱ्यांत विखुरलेला आहे. तो जमेल तसा एकत्र आणावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी इंजिनीअर नाही. गेली पंचवीसेक वर्षे जुनी माहितीपत्रके, गाडीसोबत मिळणारी हस्तपुस्तके आणि मोटारविषयक मासिके गोळा करतो, आणि जुन्या मेकॅनिक मंडळींशी बोलत राहतो. राहतो नेरूळला. या विषयासाठी याहून सोयीची जागा नाही. एका बाजूला न्हावा-शेवा बंदर, जिथे परदेशी गाड्या कंटेनरमधून उतरतात. दुसऱ्या बाजूला कळंबोली, जिथून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. आणि घराजवळून जाणारा पाम बीच रस्ता, ज्यावर रात्री बाराच्या पुढे कान दिला तर पिकअपचा इतिहास चालू वर्तमानकाळात ऐकू येतो.

मोजमापाची पद्धत आधी सांगतो. निव्वळ अश्वशक्तीवरून गाडीचा वेगवानपणा कळत नाही. बैलजोडी किती दमदार, हे गाडीत भरलेल्या पोत्यांवरही अवलंबून असते. म्हणून मी अश्वशक्तीला वजनाने भागतो. दर टनामागे किती अश्वशक्ती, हा आकडा काढला की नव्वद वर्षांतल्या गाड्या एका ओळीत उभ्या करता येतात.

राजाची गाडी

ओळीत पहिली गाडी इंदूरची. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची 'एसजे' ही मोटार घेतली. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी दोन आसनांचा उघडा साज चढवला. एका रांगेत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जळणार, आणि तितकी जास्त ताकद. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता. गाडी सव्वादोन टनांच्या आसपास धरली, तर दर टनामागे सुमारे १४० अश्वशक्ती. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या घराण्याच्या वंशजाकडे जगातली त्या काळची सर्वांत दमदार गाडी असावी, याचे मराठी मनाला कौतुक वाटते. मलाही वाटते. पण इतिहास म्हणून पाहिले, तर त्या गाडीने इथे मागे काहीच ठेवले नाही. ती अमेरिकेत घडली, इंग्लंडात सजली आणि पुढे परदेशीच गेली. तिच्यामुळे इथल्या एकाही फिटरच्या हाताला नवे काम शिकायला मिळाले नाही. वेग विकत आणता येतो, पण तेवढ्याने तो आपला होत नाही. या लेखातल्या बाकीच्या गाड्या मी याच कसोटीवर घासून पाहणार आहे.

कुर्ल्याची शाळा

वेग आपला व्हायला सुरुवात झाली ती अगदी साध्या गाडीपासून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या निघू लागल्या. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये देश सोडून गेली. नुसत्या जुळणीवर भागणार नाही, सुटे भाग इथेच घडले पाहिजेत, असे सरकारी धोरण ठरले होते. तयार परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. दूतावासातल्या अधिकाऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. शौकिनांना तेवढीच एक फट उरली होती.

उरलेल्यांसाठी होती फियाट ११००. तिचीच रूपे पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, चाळिशीच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा. दर टनामागे आकडा पंचेचाळीसच्या घरात. गाडीची किंमतसुद्धा सरकार ठरवत होते. त्यावरून प्रीमियर कंपनीचा वाद सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. किंमत बांधलेली आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे. अशा वेळी इंजिन सुधारण्यावर कारखान्याने पैसा का घालावा?

कारखान्याने केले नाही ते गॅरेजने केले. पद्मिनीचा पिकअप वाढवण्याची कृती जुने मेकॅनिक आजही आईच्या हातच्या आमटीसारखी सांगतात. हेड काढून मशिनवर घासायचे, म्हणजे सिलिंडरमधली जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढते. हवा आत-बाहेर जायचे मार्ग हाताने घासून गुळगुळीत करायचे. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर चढवायचे. फ्लायव्हीलचे वजन लेथवर उतरवायचे, म्हणजे इंजिन चटकन फिरते. सायलेन्सर मोकळा करायचा. यातल्या काही गोष्टी अ‍ॅव्हरेज खातात, काही इंजिनाचे आयुष्य कमी करतात, हे करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे.

या गाड्या पळवायच्या कुठे? मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या. पण शर्यतीची खरी पंढरी मद्रासजवळचे शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी. मुंबईचे हौशी लोक तिथे जात. नंतर चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. महाराष्ट्रात गाड्या घडत होत्या, गिऱ्हाईक होते, मेकॅनिक होते, पण विसाव्या शतकात शर्यतीचा असा मोठा ट्रॅक झाला नाही. त्याची किंमत आपण आजही मोजतो, त्याकडे पुढे येतो. मुंबईने दुसऱ्या वाटेने मात्र मोठे काम केले. नाझिर हुसेन या मुंबईकराने १९८० मध्ये हिमालयन रॅली उभी केली आणि ती १९९० पर्यंत चालली. जगातले नामांकित चालक त्या घाटांत आले, आणि त्यांच्या गाड्यांची बॉनेटे उघडी असताना आपले मेकॅनिक शेजारी उभे राहिले. होळकरांच्या ड्यूसेनबर्गने जे दिले नाही, ते या रॅलीने दिले.

पालिओ आणि मोडेना

सप्टेंबर २००१ मध्ये त्याच कुर्ल्यातून फियाट पालिओ बाहेर पडली. तिची १.६ लिटरची जीटीएक्स आवृत्ती ही, माझ्या मते, महाराष्ट्रात सर्वसामान्यांसाठी घडलेली पहिली खरी वेगवान गाडी. १०० अश्वशक्ती, दर टनामागे शंभरीच्या जरा खाली. म्हणजे पद्मिनीच्या दुप्पट. स्टिअरिंग हातात जिवंत वाटे, आणि घाटातल्या वळणावर गाडी रस्ता घट्ट धरून राही. अ‍ॅव्हरेज मात्र असे की पेट्रोलपंपावरचा पोरगा मालकाला नावाने ओळखू लागे. त्या अ‍ॅव्हरेजनेच तिचा घात केला. तिच्या बाजारातल्या अपयशाला लोक कंपनीची सेवा, सुटे भाग अशी कारणे देतात, त्यांत तथ्य आहे. पण शेजाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते, हे मूळ कारण.

पालिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करत असे. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केली, आणि फियाटच्या छत्राखालच्या फेरारीने त्याला '३६० मोडेना' भेट दिली. चावी मायकेल शूमाकरच्या हातून मिळाली. ती भारतात आणायची तर आयातशुल्क एक कोटीहून अधिक, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. सरकारने सूट देऊ केली, त्यावर ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. त्या वादात सगळे सचिनबद्दल बोलले. शुल्काच्या भिंतीबद्दल फार कोणी बोलले नाही. त्या भिंतीमुळे वेग म्हणजे श्रीमंतांची किंवा भाग्यवंतांची गोष्ट, ही समजूत पक्की राहिली. आणि त्याच वर्षांत कुर्ल्यात बनणारी, नोकरदाराला कर्ज काढून घेता येणारी पालिओ दुर्लक्षित राहिली. मला विचाराल, तर मोडेनापेक्षा पालिओचा इतिहास आपल्याला जास्त शिकवतो.

२००४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याहून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटर, टर्बो, १५० अश्वशक्ती. भारतात विकली गेलेली पहिली टर्बो-पेट्रोल मोटार म्हणून तिचा उल्लेख होतो. टर्बोचे काम सुपरचार्जरचेच, फक्त पंखा फिरतो तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. मराठवाड्यात जुळलेली गाडी देशातल्या हौशी मंडळींचे स्वप्न व्हावी, याची नोंद मराठवाड्याच्या इतिहासात कुठे दिसत नाही. ती व्हायला हवी.

एकांड्या शिलेदारांच्या गाड्या

मोठ्या कारखान्यांबाहेरही काही जणांनी धाडस केले. गोव्यातल्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही उघड्या टपाची, फायबरच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी काढली. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने हाताने घडवलेल्या रोडस्टर विकल्या, जुन्या ब्रिटिश लोटस सेव्हनच्या वळणाच्या. त्यांत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते, कॉन्टेसात बसायचे तेच. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची अवंती आली, इंजिन चालकाच्या मागे असलेली, आणि तिचे उत्पादन तळेगावला झाले. २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हात रेसमो दाखवली : दोन आसनी, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती, शून्यापासून शंभराचा वेग सहा सेकंदांच्या आत. ती रस्त्यावर आलीच नाही.

या चौघींकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट जाणवते. पहिल्या तिघींचे इंजिन दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतले. सांगाडा आपला, रूप आपले, हृदय उसने. चौथीचे इंजिन घरचे होते, पण हिशेब जमला नाही. त्यांतली माझी सर्वांत आवडती चिंकारा. तिने हलकेपणावर भर दिला. इंजिन मोठे करणे पैशाचे काम आहे, वजन कमी करणे बुद्धीचे. कार्लेखिंडीत बसून हे ओळखणाऱ्यांना मी मनातून नमस्कार करतो.

कायद्याच्या मापाने शिवलेली इंजिने

पालिओनंतर मोठ्या इंजिनाची छोटी गाडी जवळजवळ नाहीशी का झाली, याचे उत्तर २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर उत्पादनशुल्क कमी. डिझेलला मर्यादा १५०० सीसी. एका रेघेने छोट्या गाडीतले १.६ लिटरचे इंजिन परवडेनासे झाले. पण हौस रेघेने थांबत नाही. चाकणच्या फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणली, इंजिन ११९७ सीसीचे, म्हणजे रेघेच्या तीन सीसी अलीकडे, आणि टर्बो लावून १०५ अश्वशक्ती. टाटांची टियागो जेटीपी २०१८ मध्ये आली, इंजिन ११९९ सीसीचे! शिंप्याने कापडाच्या काठापर्यंत कात्री न्यावी, तसे हे काम.

रेघ ओलांडण्याची हिंमतही एका गाडीने केली. रांजणगावहून २०१५ मध्ये निघालेली फियाट अबार्थ पुंटो : १३६८ सीसी टर्बो, १४५ अश्वशक्ती, शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, किंमत दहा लाखांच्या थोडी आत. दर टनामागे १२० च्या आसपास. कुर्ल्याच्या पद्मिनीची ही नातच. जेमतेम तीन-चार वर्षांत फियाटने इथला गाशा गुंडाळला आणि तीही गेली. २०२० मध्ये बीएस-६ आले तेव्हा जेटीपी थांबली, २०२२ मध्ये पोलोही.

विजेचा पिकअप

आता चाकणहून महिंद्रांची बीई ६ येते. विजेवर चालणारी, तिच्या वरच्या आवृत्तीत २८६ अश्वशक्ती, शंभरचा वेग ६.७ सेकंदांत. आकडा ऐकून छाती दडपते. पण गाडी दोन टनांच्या घरातली आहे. भागाकार केला, तर दर टनामागे १३० ते १४० अश्वशक्ती. होळकरांच्या ड्यूसेनबर्गची आठवण झाली ना? नव्वद वर्षांपूर्वी जे एका राजाकडे होते, ते आज गृहकर्ज फेडणाऱ्या माणसाला मासिक हप्त्यांवर मिळते. याला मी या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानतो.

तरीही माझा एक आक्षेप आहे. बीई ६ आणि अबार्थ यांच्या दर टनी आकड्यात फार अंतर नाही, पण पहिल्या झपाट्यात वीज पुढे जाते, कारण विजेच्या मोटरची पिळणारी ताकद चाक हलल्या क्षणापासून पूर्ण मिळते. पेट्रोल इंजिनाला ती फेरे वाढवून कमवावी लागते. कमवावी लागते म्हणून ते चालवायला शिकावे लागते. विजेच्या गाडीत पिकअप फुकट मिळतो. आणि दोन टनांची ही वस्तू थांबवायची वेळ आली की वजन आपला हिशेब चुकता करून घेतेच.

म्हणूनच पाम बीच रस्त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वाशी ते बेलापूर, सरळ, रुंद, खाडीच्या वाऱ्याचा रस्ता. रात्री तिथे शर्यती लागतात, पोलिस नाकाबंदी करतात, आणि दर काही महिन्यांनी एखाद्या घरात तरुण मुलाचा फोटो हार घालून भिंतीवर लागतो. त्यात कधी पळवणारा असतो, कधी कामावरून घरी निघालेला दुचाकीस्वार. मी वेगाचा भक्त आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो : सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीचा वेगाच्या कलेशी काहीही संबंध नाही. पण नुसत्या दंडानेही हे थांबणार नाही. पोहायला शिकवायचे तर तलाव बांधावा लागतो. कोल्हापूरने कार्टिंगचा ट्रॅक केला, आणि त्या गावातून शर्यतीचे चालक तयार झाले. नाशिकला रॅली होते, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या. पंधरा लाखांच्या गाडीची किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्या बापाला मुलाला एक दिवस अशा ठिकाणी नेता येईल, इतपत सोय मुंबई-नवी मुंबईच्या आसपास व्हायला हवी.

पन्नाशीच्या आतले

शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नियम चांगला आहे. पण खासगी गाडीची मूळ नोंदणी असते पंधरा वर्षांची. म्हणजे पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना ऐतिहासिक. या काळात दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचे दहा हजार रुपये. रोज धूर ओकणारे जुने वाहन रस्त्यावरून जावे, हे बरोबरच. पण महिन्यातून एकदा दिवसाचा उजेड पाहणारी, जपून ठेवलेली गाडीही त्याच तागडीत तोलली जाते.

परिणाम साधा आहे. २००१ ची पालिओ 'ऐतिहासिक' होणार २०५१ मध्ये. ऑक्टाव्हिया आरएस २०५४ मध्ये. तोपर्यंत किती उरतील? होळकरांसारख्यांच्या गाड्या टिकतात, कारण त्यांना लिलावात किंमत येते. ज्या गाड्यांवर आपले लोक शिकले, त्यांना भंगाराचा भाव मिळतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप देताना गहिवर दाटून आला होता. पण गहिवराने गाडी टिकत नाही. आणि नशिबाचा खेळ असा, की कुर्ल्यात जन्मलेल्या अनेक गाड्या सुटे भाग काढायला शेवटी कुर्ल्याच्याच भंगार बाजारात येतात.

पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या, मूळ रूपातल्या, वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांसाठी मधला एक वर्ग करावा, एवढीच माझी मागणी आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला अशी वेगळी पाटी मिळते, मग आपल्याला ते अशक्य का असावे? दुसरे, महाराष्ट्रात घडलेल्या मोटारींचे एक संग्रहालय हवे. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि लोक हौसेने मुले घेऊन तिथे जातात. कुर्ला, पिंपरी, चाकण, शेंद्रे, रांजणगाव यांनी घडवलेल्या गाड्यांसाठी एक छप्पर आपल्याला जड नाही. तिथे पद्मिनीशेजारी तिचे घासलेले हेड ठेवावे, आणि ते घासणाऱ्या हातांची नावे भिंतीवर लिहावीत. ती नावे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी, ओळखीत असा जुना मेकॅनिक, फिटर किंवा शर्यतीतला चालक असेल, तर या दिवाळीत त्यांच्याशेजारी तासभर बसावे आणि ते सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे.